प्युब्लो लोकांची दगडी बाणाग्रं कशी ओळखायची? (न्यू मेक्सिको, ॲरिझोना, फोर कॉर्नर्स)

मनवा

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू मेक्सिकोत अल्बुकर्कीला राहतो. शेजारचे आजोबा घर विकून लेकीकडे राहायला निघाले आहेत. आवराआवर करताना त्यांनी माझ्या मुलाला सिगारची एक जुनी लाकडी पेटी दिली. आत कापसाच्या थरावर दगडी बाणाग्रं ठेवली आहेत. आजोबांच्या वडिलांची ॲझ्टेक गावाजवळ, ॲनिमस नदीकाठी स्वतःची शेतजमीन होती. तिथे नांगरताना ही सापडली, असं ते सांगतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा आहेत, पण फार पुसट.

मुलगा सहावीत आहे. कुठलं पातं कोणी बनवलं आणि ते किती जुनं, हे त्याला हवंय. मी नेटवर बाणाग्रांचे सचित्र तक्ते पाहिले, पण चित्राशी आकार जुळवायला गेलं की एकाच पात्याला तीन-चार नावं लागू होतात आणि त्यांच्या काळात हजार-हजार वर्षांचा फरक असतो. एक गुलाबी-केशरी छोटंसं आहे, एक काळं काचेसारखं, एक मोठं करडं करवती कडेचं, एक नुसता त्रिकोण, एक लांबट सुईसारखं आणि एक हिरव्या-लाल पट्ट्यांचं अगदी चकचकीत. सुरुवात कुठून करू? जाणकारांनी सांगावं.

अश्मक

मनवा, जमीन खासगी होती आणि गावही माहीत आहे, या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. बहुतेक पेट्यांच्या बाबतीत तेवढंही उरलेलं नसतं. मी इथल्या दगडी हत्यारांच्या मागे बरीच वर्षं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तक्ता सध्या बाजूला ठेवा, आकाराकडे सगळ्यात शेवटी या. आधी बघायचं ते हे, की हे बाणाचं टोक आहे तरी का?

या भागात धनुष्यबाण साधारण इ.स. ५०० च्या आसपास रुळला. त्याआधीची हजारो वर्षं शिकार व्हायची ती ॲटलॅटलने. ही हातभर लांबीची काठी असते, तिच्या मागच्या टोकाला आकडा. त्या आकड्यात लांब, लवचीक फेकभाला अडकवून भिरकावायचा. प्युब्लो लोक म्हणजे इथले दगड-मातीच्या वाड्यांची गावं वसवून राहणारे मूळ रहिवासी. त्यांचे पूर्वज, ज्यांना पुरातत्त्वज्ञ बास्केटमेकर म्हणतात, सुरुवातीला हेच वापरत. म्हणजे लोक ‘ॲरोहेड’ म्हणून जे दाखवतात, त्यातली मोठाली पाती बहुतेक वेळा फेकभाल्याची असतात आणि ज्यांना आपण प्युब्लो म्हणतो त्या गावांच्या कितीतरी आधीची असतात.

फरक ओळखायचा तो मानेवरून. मान म्हणजे दोन खाचांच्या मधला अरुंद भाग, जिथे पातं काडीला तातीने बांधलं जायचं. काडीपेक्षा मान फार रुंद असून चालत नाही. इथल्या कोरड्या गुहांमध्ये जुने बाण टिकून राहिले आहेत. त्यांची मुख्य काडी हलक्या बोरूची असते, पुढे कठीण लाकडाचा छोटा तुकडा खोचलेला, त्याच्या चिरेत दगडी पातं. वरून जनावराच्या स्नायूंची तात गुंडाळलेली आणि पिन्योन पाइनची राळ. काडीच बारीक, म्हणून मानही बारीक. ढोबळ हिशेब असा: मान ९-१० मिमीच्या आत असेल तर बहुधा बाण, त्याहून चांगलीच जास्त असेल तर फेकभाला. काही अभ्यासक मानेची रुंदी आणि पात्याची जाडी यांची बेरीज करतात आणि ती साधारण १२ मिमीच्या आत असेल तर बाण धरतात. वजनही बोलकं असतं. बाणाग्र ग्रॅम-दोन ग्रॅमचं असतं. साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की माझी शंका वाढते.

लांबीवर मात्र विसंबू नका. टोक मोडलं की तेच पातं पुन्हा घासून-छिलून धारेला लावत, त्यामुळे ते आखूड होत जातं. मान तातीखाली दडलेली असते, तिला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणून बनवणाऱ्याचा मूळ हिशेब मानेतच उरतो.

व्हर्नियर कॅलिपर आणि सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा मिळवा. प्रत्येक पात्याची लांबी, रुंदी, जाडी, मान, वजन लिहा. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा, असे तीन फोटो, शेजारी पट्टी ठेवून. आणि कृपा करून धुऊ नका, ब्रश लावू नका, तेल तर नाहीच नाही. खाचांमध्ये कधी राळेचा अंश टिकून असतो.

सांगलीकर

उत्तम माहिती. एक शंका आहे. आमच्या इथल्या एका संग्रहालयाच्या दुकानात नखाएवढी बाणाग्रं ‘बर्ड पॉइंट’ म्हणून ठेवली होती. ती पक्ष्यांसाठी असायची का?

अश्मक

सांगलीकर, हा समज फार पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. ते नखाएवढं पातंच खरं बाणाग्र. दोन सेंटिमीटरचं, ग्रॅमभर वजनाचं टोक बोरूच्या काडीवर बसवलं की ते हरणाच्या फासळ्यांमधून आत जातं. हलकं टोक, हलकी काडी, वेग जास्त. पक्ष्यांसाठी दगड खर्ची घालायची गरजच नव्हती, त्यांना जाळी आणि फासे होते. पुष्कळ बाणांना तर दगडी टोकच नसायचं, पुढचं कठीण लाकूड तासून अणकुचीदार केलं की काम भागे.

फिनिक्सकर

मनवाताई, तुमची पेटी खासगी शेतातली आहे म्हणून चिंता नाही. पण हा धागा पुढे अनेकजण वाचतील, म्हणून कायद्याचं सांगतो.

अमेरिकेत १९०६ चा ‘अँटिक्विटीज ॲक्ट’ आणि १९७९ चा ‘आर्पा’ (पुरातत्त्वीय साधनसंपत्ती संरक्षण कायदा) या दोन कायद्यांनी संघराज्याच्या आणि आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवरच्या पुरावस्तूंना संरक्षण आहे. आर्पामध्ये शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उचलली, खणली, विकली तर गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, नुकसान मोठं असेल तर दोन्ही वाढतात. जमिनीवर उघडी पडलेली बाणाग्रं उचलल्यास आर्पाची शिक्षा लागू होणार नाही, असं एक कलम त्यात आहे. भटकणारे लोक ते कलम सांगून खिसे भरतात. पण त्या कलमाने उचलायची परवानगी मिळत नाही. सरकारी मालमत्तेचे आणि राष्ट्रीय उद्यानांचे नियम तसेच लागू राहतात. नावाहो, होपी, झुनी यांच्या जमिनीवर त्यांचे कायदे आहेत. राज्यांच्या जमिनीवर राज्यांचे. जून २००९ मध्ये यूटातल्या ब्लँडिंग आणि आसपास केंद्रीय यंत्रणांनी चोरट्या पुरावस्तूंच्या व्यापारावर छापे घातले होते, ते प्रकरण इथे आजही सगळ्यांच्या लक्षात आहे.

खासगी जमीन असेल तर मालकाच्या परवानगीने पृष्ठभागावरची वस्तू घेता येते. दफनस्थळाला मात्र हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा.

रानवाटा

मी यूटात नेहमी ट्रेकला जातो. कायदा मान्य आहे, मोडतही नाही. पण मनापासून विचारतो: वाळूवर सुटं पडलेलं एक टोक कोणी उचललं तर शास्त्राचं नेमकं काय बिघडतं? संग्रहालयांच्या तळघरात अशी लाखो पडून असतील. पुढच्या पावसात ते वाहूनच जाणार.

अश्मक

रानवाटा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून जरा मागे जातो.

नैऋत्य अमेरिकेतल्या या पात्यांचा काळ आपल्याला कळला कसा? दगडाचं वय काढून तो कळला नाही. चर्टचा (गारगोटीसारखा कठीण, धारदार फुटणारा) दगड कोट्यवधी वर्षांचा असतो, पातं कधी घडलं हे तो सांगत नाही. १९२७ साली पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड किडर यांनी न्यू मेक्सिकोतल्या पेकोसला आपल्या सहकाऱ्यांना एकत्र बोलावलं. तिथे बास्केटमेकर आणि प्युब्लो असे टप्पे ठरले, पण तेव्हा त्यांना वर्षं जोडता येत नव्हती. आधी काय, नंतर काय, एवढंच माहीत होतं. मग १९२९ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या शो लो गावात एक जळकी तुळई सापडली, तिचा क्रमांक एचएच-३९. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस झाडांच्या वाढीची वर्तुळं मोजत होते. त्यांच्याकडे आजच्या झाडांपासून मागे जाणारी एक मालिका होती आणि पडक्या वाड्यांतल्या तुळयांची दुसरी, सुटी मालिका. एचएच-३९ ने दोन्ही जोडल्या. त्यानंतर वायव्य न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनमधला प्युब्लो बोनितो हा भव्य वाडा, कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेतली कड्याखालची घरं, ॲझ्टेकचा मोठा वाडा, कुठली तुळई कुठल्या वर्षी तोडली हे सांगता येऊ लागलं. आणि त्या तुळयांखालच्या जमिनीवर, त्याच खोलीच्या केरकचऱ्यात जी बाणाग्रं पडली होती, त्यांना त्या खोलीचं वर्ष मिळालं. आपल्या तक्त्यांमधल्या प्युब्लो काळाच्या तारखा मुख्यतः अशा जागांवरून आलेल्या आहेत.

आता तुम्ही म्हणता ते सुटं टोक घ्या. ते एकटं पडलंय असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या भोवतीच्या पन्नास पावलांत छिलके (दगड घडवताना उडालेल्या कपच्या) आहेत का, खापराचा तुकडा आहे का, चुलीची काळी माती आहे का, यावरून ती जागा शिकारीची होती, घराची होती की वाटेवरच्या मुक्कामाची, हे कळतं. खापराच्या रंगकामावरून इथे पन्नास-शंभर वर्षांच्या नेमकेपणाने काळ सांगता येतो. टोक उचललं की खापर तिथेच राहतं आणि दोघांचं नातं तुटतं. तळघरातली लाखो पाती मुकी आहेत ती याच कारणाने, कारण ती कुठून आली हे उचलणाऱ्याने लिहून ठेवलं नाही. आणि पन्नास वर्षं लोकांनी एखाद्या टेकडीवरून चांगली पाती वेचली की उरतात नुसते छिलके, मग सर्वेक्षणात ती टेकडी ‘काळ अज्ञात’ म्हणून नोंदली जाते. असल्या टेकड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. फार वाईट वाटतं.

जिथे दिसलं तिथेच फोटो काढा, जीपीएसची नोंद करा, पातं जसं पडलंय तसं राहू द्या आणि त्या जमिनीच्या कार्यालयाला कळवा.

दुसरं कारण शास्त्राचं नाही. हे लोक संपलेले नाहीत. १२७६ ते १२९९ च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास मेसा व्हर्डेचा भाग रिकामा झाला, तेव्हा माणसं दक्षिणेला आणि पूर्वेला गेली. होपी, झुनी, ॲकोमा, रिओ ग्रांदे नदीकाठची गावं, ही त्यांचीच लेकरं आहेत. एकट्या न्यू मेक्सिकोत आज प्युब्लो लोकांची १९ गावं नांदती आहेत. झुनी कारागीर दगडात प्राण्याची मूर्ती कोरतात तेव्हा तिच्या पाठीवर अनेकदा बाणाग्र बांधतात, कारण ते रक्षण करतं अशी श्रद्धा आहे. वाळूतलं टोक कोणाच्या तरी पूर्वजाचं आहे आणि त्याचे वारस शंभर मैलांवर राहतात.

रानवाटा

पटलं. छिलक्यांची टेकडी हा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. धन्यवाद.

नर्मदा

अश्मकदादा, सुंदर लिहिलंत. मी पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकले, आमचा सगळा सराव सूक्ष्मास्त्रांवर. इथल्या वाचकांना तुलना म्हणून सांगते. महाराष्ट्रात भीमा, घोड, गोदावरी, तापी यांच्या काठी कॅल्सेडनीची आणि अकीकाची छोटी छोटी पाती, चंद्रकोरी, त्रिकोण मिळतात. ती एकेकटी वापरायची नसत, लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून राळेने चिकटवत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांमध्ये तर सुरीसारखी समांतर कडांची लांब पाती ढिगाने आहेत. दोन्ही बाजूंनी छिललेलं, खाचा पाडलेलं अमेरिकन पद्धतीचं बाणाग्र हा आपल्याकडचा प्रकार नव्हे. कोणी सह्याद्रीत किंवा विदर्भात तसं ‘सापडलं’ म्हणून दाखवलं तर मी आधी ते विकत घेतलंय का हे विचारीन.

त्याच कारणाने मनवाच्या पेटीतल्या हिरव्या-लाल पट्ट्यांच्या चकचकीत पात्याबद्दल मला दाट शंका आहे. मनवा, त्याची धार बोटाला लागते का? खाचा मोठ्या, गोल आणि दोन्हीकडे अगदी सारख्या आहेत का? मधोमध जाड आहे का?

मनवा

नर्मदा, हो, तिन्ही तसंच! मधे चांगलं जाड आहे, खाचा गोल आहेत आणि कड ताज्या फुटलेल्या काचेसारखी आहे. म्हणजे खोटं का?

नर्मदा

दगड खरा, हाताने घडवलेलं आहे हेही खरं, पण ते बहुधा आपल्या शेजारच्या गुजरातेत घडलेलं आहे. खंबातचे कारागीर अकीक घडवण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत, हडप्पाकाळापासून त्या भागात अकीकाचे मणी होतात. दगड रतनपूरच्या खाणींतून येतो. त्यांची पद्धत जगात वेगळी आहे: जमिनीत लोखंडी टोकदार दांडा तिरपा रोवतात, दगडाची कड त्या टोकावर टेकवतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात. ठोका वरून बसतो, छिलका मात्र खालच्या लोखंडी टोकापाशी निघतो. अमेरिकेतल्या दगड-स्फटिकांच्या दुकानांत टोपलीत मोजून मिळणारी रंगीत अकीकाची बाणाग्रं मोठ्या संख्येने भारतातून जातात. सगळी साधारण एका मापाची, उथळ घाईच्या छिलक्यांची, कडेला चुरा पडल्यासारखी. त्या कारागिरांचं कौशल्य मोठं आहे, फक्त ते प्युब्लो नाही. आजोबांच्या वडिलांनी किंवा घरातल्या कोणी नंतर दुकानातून घेऊन पेटीत टाकलं असेल.

फिनिक्सकर

याला दुजोरा. इथे महामार्गालगतच्या दुकानांत मी स्वतः अशा टोपल्या पाहिल्यात. आणि अमेरिकेतही हौशी लोक तांब्याच्या टोकाने दाब देऊन फार सफाईदार पाती बनवतात. प्रामाणिक माणूस खाली आपली सही कोरतो. सही नसलेली मात्र जुनी म्हणून बाजारात फिरतात. म्हणून विकत घेऊन संग्रह करणाऱ्यांना माझा सल्ला, घेऊच नका. चोरीचा माल असतो किंवा नवा असतो.

मनवा

शाळेच्या विज्ञान विभागातून कॅलिपर आणि काटा मिळाला, मुलाने सगळं स्वतः मोजलं. देते.

गुलाबी-केशरी: लांबी २१ मिमी, जाडी ३, मान ६. वजन ०.९ ग्रॅम. खाचा बाजूला, बुडापासून थोड्या वर, बूड जवळजवळ सरळ.

काळं काचेसारखं: लांबी २६, जाडी ३, मान ५. वजन १ ग्रॅम. खाचा खालच्या कोपऱ्यांतून तिरप्या आत गेल्यात, त्यामुळे खांदे काट्यासारखे खाली लोंबतात. उजेडात धरलं तर कडा धुरकट पारदर्शक दिसतात.

मोठं करडं: लांबी ४३, जाडी ७, मान १५. वजन ६.५ ग्रॅम. कडांना करवतीचे दाते, बूड आत वळलेलं. एका बाजूला मातकट पांढरा थर.

त्रिकोण: लांबी २९, जाडी ५, खाच नाही. पिवळट तपकिरी, खरखरीत, एक कड वेडीवाकडी.

लांबट सुईसारखं: खाली रुंद बूड आणि खाचा, वर एकदम निमुळतं होत गेलेलं. मान ८.

झाकणावरची अक्षरं मोबाइलच्या दिव्याने तिरका उजेड टाकून वाचली. ‘नदीचं शेत’ आणि ‘टेकडी’ अशा दोन जागा आहेत, आणि कापसाखाली पुठ्ठ्यावर मोठ्या करड्या पात्यापाशी ‘टेकडी’ लिहिलंय.

अश्मक

मनवा, तुमच्या मुलाला शाबासकी सांगा. असं मोजमाप मोठी माणसंही देत नाहीत. आता एकेक घेऊ.

मोठं करडं. मान १५, वजन साडेसहा: हे बाणाचं नाहीच. फेकभाल्याचं पातं. दाते असलेल्या कडा आणि आत वळलेलं बूड पाहता ते इथे ज्याला ‘सॅन होजे’ म्हणतात त्या घराण्यातलं वाटतं. सिंथिया अर्विन-विल्यम्स यांनी १९७३ मध्ये वायव्य न्यू मेक्सिकोसाठी जो क्रम मांडला, त्यात सॅन होजे टप्पा सुमारे इ.स.पू. ३००० ते १८०० धरला आहे. म्हणजे कमीत कमी पावणेचार हजार वर्षं. त्या काळात तिथे प्युब्लो गाव नव्हतं, मका जेमतेम येऊ घातला होता, लोक फिरत्या शिकारीवर आणि रानातल्या बियांवर जगत. टेकडीवर सापडलं हे त्याला साजेसं आहे. एका बाजूचा मातकट थर म्हणजे ती बाजू बराच काळ खाली, मातीत राहिली. तो थर खरवडू नका.

इथे एक इशारा देतो. हेच पातं नदीकाठच्या वाड्यात सापडलं असतं तरी मी त्याला सॅन होजेच म्हटलं असतं. प्युब्लो लोक स्वतःसुद्धा जुनी पाती वेचत आणि घरी आणत. बाराव्या शतकातल्या खोलीत त्याहून तीन हजार वर्षं जुनं पातं मिळणं इथे नवल नाही. म्हणून जागा आणि घडण दोन्ही पाहावी लागतात, एकावर दुसऱ्याचा निकाल लावता येत नाही.

काळं काचेसारखं. हे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच. मान ५, वजन ग्रॅमभर: निःसंशय बाण. कोपऱ्यातल्या तिरप्या खाचा आणि लोंबते खांदे ही इथल्या बाणाग्रांची आधीची तऱ्हा, बास्केटमेकरच्या उत्तरकाळापासून, म्हणजे साधारण इ.स. ५०० नंतर, दहाव्या शतकापर्यंत आणि थोडी पुढेही चालते. ॲझ्टेकच्या आसपास ऑब्सिडियन मिळत नाही, ते बाहेरून आलेलं आहे. हेमेझ पर्वत आणि माउंट टेलर हे न्यू मेक्सिकोतले मोठे साठे, ॲरिझोनात फ्लॅगस्टाफजवळ गव्हर्नमेंट माउंटन. डोळ्यांनी कुठलं ते सांगता येत नाही, सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण क्ष-किरणांच्या चाचणीने त्यातल्या रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजतात. प्रत्येक ज्वालामुखीची त्यांची मिसळ वेगळी असते, त्यावरून डोंगर ठरतो आणि पात्याला धक्काही लागत नाही. ही चाचणी झाली तर तुमच्या मुलाला ते पातं किती मैल चालत आलं ते सांगता येईल.

गुलाबी-केशरी. तुमच्या पेटीतलं माझं सगळ्यात आवडतं हेच असणार. बाजूच्या खाचा, सरळ बूड, दोन सेंटिमीटरची लांबी: ही प्युब्लोची पुढची तऱ्हा, साधारण अकराव्या शतकापासून १३०० पर्यंत फार चालते. आणि रंग तुम्ही लिहिलाय तसाच असेल, किंचित मेणचट चकाकी असेल, तर दगड नार्बोना पासचा चर्ट असण्याची चांगली शक्यता आहे. ही खिंड चुस्का डोंगरात, चाको कॅन्यनच्या पश्चिमेला सुमारे ८० किमीवर. चाकोच्या भरभराटीच्या काळात हा दगड तिथे पाठीवर वाहून येत होता, त्याच डोंगरांतली तुळयांची लाकडं आणि मडकीही येत होती. बैल नव्हते, घोडे नव्हते, चाक नव्हतं. ॲझ्टेकचा मोठा वाडा चाकोच्याच धर्तीवर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला, तेव्हा हा दगड तिथे पोचला असेल तर आश्चर्य नाही. जुन्या पुस्तकांत याच चर्टला ‘वॉशिंग्टन पास’ असं नाव सापडेल. १८४९ मध्ये कर्नल वॉशिंग्टनच्या सैन्याने नार्बोना या वृद्ध नावाहो पुढाऱ्याला मारलं आणि खिंडीला त्या कर्नलचंच नाव मिळालं होतं. पुढे ते बदलून नार्बोनाचं झालं. फोटो पाहिल्याशिवाय मी ‘शक्यता’ एवढंच म्हणेन.

त्रिकोण. खाच नसलेला त्रिकोण म्हणजे पूर्ण झालेलं बाणाग्रही असू शकतं आणि अर्धवट सोडलेलंही. तुमच्याकडे जाडी ५ आणि एक कड वेडीवाकडी, म्हणून मी अर्धवट धरतो. बनवणारा आधी शिंगाच्या टोकाने दाब देऊन त्रिकोण पातळ करत आणतो, खाचा शेवटी पाडतो. मधे दगडात गाठ लागली की छिलका अडकतो आणि माणूस ते टाकून नवं घेतो. भिंगाखाली पाहा, एखाद्या जागी छिलके पायरीसारखे थांबलेले दिसतील. तो कारागीर जिथे थांबला ती जागा तीच. पुष्कळजण असले तुकडे निरुपयोगी समजतात. मला मात्र ते पूर्ण झालेल्या पात्यापेक्षा जास्त शिकवतात.

लांबट सुईसारखं. हा गिरमीट. बूड आणि खाचा बाणाग्राच्या, वरचा भाग मात्र दोन्ही कडांनी छिलून बारीक केलेला. टोक मोडलेलं बाणाग्र टाकून न देता भोक पाडायला वापरलं. भिंगाखाली निमुळत्या भागाच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या दिसल्या तर खात्री.

सांगलीकर

अश्मक, करवती दाते असलेली लांबलचक, फार देखणी बाणाग्रं मी टुसॉनला संग्रहालयात पाहिली होती. तीही सॅन होजेच का?

अश्मक

नाही. ती होहोकाम लोकांची असणार, दक्षिण ॲरिझोनातल्या कालव्यांच्या शेतीची संस्कृती, स्नेकटाउन हे त्यांचं प्रसिद्ध स्थळ. ती पातळ, अरुंद आणि लांब असतात, दाते खोल आणि काट्यांसारखे. मान बाणाची. दाते दिसले म्हणून एका खणात टाकायचं नाही. तसंच उलट बाजूने, बुडाच्या मधोमधही तिसरी खाच असलेलं छोटं त्रिकोणी बाणाग्र मिळालं तर ते ‘डेझर्ट साइड-नॉच्ड’, साधारण १३०० च्या आसपास आणि पुढचं, आणि यूटा-नेवाडाकडे ते बहुधा यूट, पायूट अशा लोकांशी जोडलं जातं. ॲनिमस खोऱ्यात तसं सापडलं तर वाडे रिकामे झाल्यानंतर तिथून कोण गेलं हा प्रश्न उभा राहतो.

मनवा

काय बोलू! मुलाने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवायला लावला, दोनदा. अर्धवट त्रिकोण आता त्याचा लाडका झालाय, पायरीसारखे छिलके त्याला भिंगातून दिसले. एकच शेवटचं विचारते, आता पेटीचं काय करावं? घरी ठेवणं बरोबर आहे का?

फिनिक्सकर

कायद्याने ठेवू शकता, खासगी शेतातलं आहे आणि भेट मिळालंय. पण आजोबांकडून एका कागदावर लिहून घ्या: वडिलांचं नाव, शेत कुठे होतं, साधारण कोणत्या वर्षांत सापडलं, त्यांची सही. आज ते सांगू शकतात.

अश्मक

फिनिक्सकरांचं ऐका आणि हे या आठवड्यातच करा, आजोबा जायच्या आधी. शक्य असेल तर उपग्रहाच्या नकाशावर त्यांना ‘नदीचं शेत’ आणि ‘टेकडी’ बोटाने दाखवायला सांगा आणि तो नकाशा छापून पेटीत ठेवा. कापूस काढून टाका, तो ओल धरतो. प्रत्येक पातं आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात, पाकिटावर क्रमांक, आणि वहीत त्याच क्रमांकाखाली मुलाची मोजमापं. पात्यावर शाईने काही लिहू नका. अकीकाचं वेगळ्या डबीत, ‘आधुनिक’ असं लिहून, नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी सगळ्या पेटीलाच खोटं म्हणेल.

मग अल्बुकर्कीतच विद्यापीठाचं मॅक्सवेल मानवशास्त्र संग्रहालय आहे, त्यांना नोंदींसह पत्र लिहा. किंमत सांगणं हे संग्रहालयाचं काम नसतं, ते विचारू नका. जागा माहीत असलेला संग्रह आहे, नोंद करून घ्याल का, ऑब्सिडियनची चाचणी कुठे होईल, एवढं विचारा. आणि मुलाला घेऊन इंडियन प्युब्लो कल्चरल सेंटरला जा, तेही तुमच्याच शहरात आहे आणि ते त्या १९ गावांच्याच मालकीचं आहे. पाती बरोबर नेऊ नका, वही न्या. ही पाती घरी ठेवावीत की ॲझ्टेक परिसरात परत द्यावीत, याबद्दल त्यांचं मत काय, हे त्यांनाच विचारा, आणि ते सांगतील त्याला माझ्या मतापेक्षा जास्त वजन द्या.

गुलाबी पात्याचे फोटो चढवलेत की कळवा. दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. फ्लॅशने नार्बोना चर्टचा रंग पार बदलतो.

मनवा

नक्की. आजोबांना उद्या सकाळी चहाला बोलावलंय, नकाशा छापून ठेवलाय. फोटो संध्याकाळपर्यंत टाकते.